ढाक्याची सात सरकारी महाविद्यालयं आणि नवं विद्यापीठ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बांगलादेशाबद्दल लिहायला लागल्यापासून सत्तांतराबद्दल जेवढे प्रश्न आले नसतील तेवढे या सात महाविद्यालयांबद्दल येतात. विचारणारे बहुतेक प्राध्यापक, परीक्षा विभागात काम करणारे, नाहीतर ज्यांचं महाविद्यालय समूह विद्यापीठात (काही महाविद्यालयं एकत्र करून केलेल्या विद्यापीठात) जाणार अशी कुजबुज आहे ते. प्रत्येकाला वेगळं उत्तर टंकण्यापेक्षा सगळं एका जागी ठेवतो. सोपे प्रश्न वर आहेत, किचकट खाली. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या अध्यादेशाच्या मसुद्यापर्यंतच्या घडामोडी इथे धरल्या आहेत, त्यामुळे मसुद्यातली तरतूद म्हणजे अंतिम नियम असं कोणी समजू नये.

१. प्रकरण काय आहे ते चार ओळींत सांगाल का?

ढाका शहरातली सात सरकारी महाविद्यालयं २०१७ मध्ये राष्ट्रीय विद्यापीठाकडून काढून ढाका विद्यापीठाला जोडली. परीक्षा आणि निकालांचा घोळ मिटायच्या ऐवजी वाढला आणि विद्यार्थी पुढची आठ वर्षं अधूनमधून रस्त्यावर उतरत राहिले. जानेवारी २०२५ मध्ये ढाका विद्यापीठाने या महाविद्यालयांवरचा हात काढला, मार्चमध्ये ‘ढाका सेंट्रल युनिव्हर्सिटी’ हे नाव पुढे आलं, सप्टेंबरमध्ये अध्यादेशाचा मसुदा आला. मसुदा वाचून काही जण खूश झाले, आणि तोवर शांत बसलेले काही जण प्रथमच फलक घेऊन उभे राहिले.

२. ही सात महाविद्यालयं कोणती?

ढाका कॉलेज, ईडन महिला कॉलेज, बेगम बद्रुन्नेसा सरकारी महिला कॉलेज, कवी नजरुल सरकारी कॉलेज, सरकारी शहीद सुहरावर्दी कॉलेज, मीरपूरचं सरकारी बांगला कॉलेज आणि महाखालीचं सरकारी तितुमीर कॉलेज.

‘सात महाविद्यालयं’ म्हटलं की एकाच साच्यातल्या सात इमारती डोळ्यांपुढे येतात. तसं नाही. ढाका कॉलेज १८४१ चं, म्हणजे ढाका विद्यापीठापेक्षा ऐंशी वर्षांनी मोठं. कवी नजरुल कॉलेजचं मूळ १८७४ च्या मदरशात आहे. सुहरावर्दी कॉलेज १९४९ मध्ये ‘कायदे आझम कॉलेज’ म्हणून निघालं आणि तितुमीर १९६८ मध्ये ‘जिन्ना कॉलेज’ म्हणून. ही नावं बांगलादेश झाल्यावर टिकणं शक्यच नव्हतं. बांगला कॉलेज १९६२ चं, उच्च शिक्षण बंगालीतून देता येतं हे दाखवण्यासाठी काढलेलं. ईडन आणि बद्रुन्नेसा फक्त मुलींची. प्रत्येकाला आपापला इतिहास आणि आपापला अभिमान आहे, त्यामुळे विलीनीकरण म्हटलं की आधी पाटीवरून भांडण होतं (प्रश्न ९ पाहा).

३. सरकारी महाविद्यालय कुठल्या ना कुठल्या विद्यापीठाला जोडलेलं असतंच. मग ‘विलीन’ होणं म्हणजे वेगळं काय?

संलग्न महाविद्यालयात विद्यापीठ अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं, पदवी देतं. इमारत, शिक्षक, पगार आणि प्राचार्य यांचा मालक दुसराच असतो. सरकारी महाविद्यालयाच्या बाबतीत तो मालक म्हणजे शिक्षण खातं. निकाल अडला की महाविद्यालय विद्यापीठाकडे बोट दाखवतं, वर्गावर शिक्षक नसला की विद्यापीठ खात्याकडे. विद्यार्थी मध्ये.

विलीन झाल्यावर महाविद्यालय हा विद्यापीठाचाच भाग होतो. पदवी, परीक्षा, जागा, शिक्षक सगळं एका छपराखाली येतं. निदान कागदावर तरी. या दोन टोकांच्या मध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत: घटक महाविद्यालय, समूह विद्यापीठ, स्वायत्त महाविद्यालय. ढाक्यातलं अर्धं भांडण नेमकी कोणती पायरी यावरचं आहे. माझ्या मते विद्यार्थ्यांची मागणी कधीच नव्या नावाची नव्हती. ‘आमच्या निकालाला जबाबदार कोण, त्याचं दार दाखवा’ एवढीच ती होती. खालची बहुतेक उत्तरं या एका वाक्याकडे परत येतील.

४. २०१७ मध्ये ती ढाका विद्यापीठाला जोडलीच कशाला?

त्याआधी ती राष्ट्रीय विद्यापीठाकडे होती. गाझीपूरचं हे विद्यापीठ १९९२ मध्ये देशभरातली महाविद्यालयं सांभाळायला काढलं. त्याच्याकडे दोन हजारांहून जास्त महाविद्यालयं आहेत. इतक्या मोठ्या गाड्याचं चाक रुतलं की सगळंच रुततं. परीक्षा आणि निकाल लांबून विद्यार्थ्यांची वर्षं वाया जातात, त्याला तिकडे ‘सेशन जट’ म्हणतात. जट म्हणजे गुंता, केसांच्या जटांतला तोच शब्द.

यावर उपाय म्हणून सरकारी महाविद्यालयं सार्वजनिक विद्यापीठांकडे द्यावीत अशी सूचना २०१४ मध्ये पंतप्रधान शेख हसीना यांनी केली. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी ही सात ढाका विद्यापीठाकडे गेली. विद्यार्थी पावणेदोन लाखांच्या आसपास, शिक्षक हजार-अकराशे. भागाकार करून पाहा, एका शिक्षकामागे दीडशेच्या आसपास विद्यार्थी येतात. हे ओझं घेताना ढाका विद्यापीठाने परीक्षा विभागात त्या प्रमाणात माणसं वाढवली नाहीत.

५. मग विद्यार्थी भडकले कशावर? नाव तर मोठ्या विद्यापीठाचं मिळालं होतं.

नाव मिळालं आणि पहिल्याच वर्षी परीक्षेचं वेळापत्रक हरवलं. संलग्नता बदलली तेव्हा काही तुकड्यांच्या परीक्षा अर्धवट होत्या, काहींचे निकाल लागायचे होते. जुन्या विद्यापीठाकडची कागदपत्रं नव्याकडे येईपर्यंत महिने गेले. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात तसं झालं. राष्ट्रीय विद्यापीठाच्या बाकीच्या महाविद्यालयांतले सोबती पुढच्या वर्षात गेले आणि हे आहेत तिथेच.

२० जुलै २०१७ ला हे विद्यार्थी शाहबागच्या चौकात जमले. मागणी काय, तर परीक्षेच्या तारखा जाहीर करा. पोलिसांनी अश्रुधुराच्या नळकांड्या सोडल्या आणि तितुमीर कॉलेजच्या एका विद्यार्थ्याची दृष्टी गेली. तारीख मागायला गेलेल्या मुलाचे डोळे गेले, हे तिथल्या विद्यार्थ्यांच्या मनातून आजही गेलेलं नाही. प्रत्येक नव्या आंदोलनात त्याची आठवण निघते.

एप्रिल २०१९ च्या आंदोलनातल्या मागण्या वाचल्या की रोजचं दुखणं कळतं. परीक्षा झाल्यापासून ९० दिवसांत बिनचूक निकाल लावा. ज्या विषयांत वर्गच्या वर्ग नापास झालेत त्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासा. सात महाविद्यालयांसाठी वेगळी प्रशासकीय इमारत द्या. ढाका विद्यापीठाच्या शिक्षकांनी महिन्यातून काही तास तरी आमच्याकडे येऊन घ्यावेत. शैक्षणिक वेळापत्रक छापा. यात क्रांतीचा एक शब्द नाही. कुठल्याही परीक्षा विभागाच्या भिंतीवर लावावी अशी ही यादी आहे.

चौथी मागणी जरा थांबून वाचा. शिकवणार महाविद्यालयाचे शिक्षक, आणि प्रश्नपत्रिका व तपासणीवर हुकमत विद्यापीठाची. वर्गात काय झालं ते परीक्षकाला माहीत नाही आणि परीक्षक काय मागणार ते वर्गाला माहीत नाही. उंटावरून शेळ्या हाकायचा हा प्रकार होता. दाखल्यावरची एक चूक दुरुस्त करायची तर ढाका विद्यापीठाच्या रजिस्ट्रार इमारतीत या खिडकीवरून त्या खिडकीवर जायचं. मी तीस वर्षं सरकारी महाविद्यालयांत शिकवलं. नावातली एक वेलांटी दुरुस्त करायला मुलं विद्यापीठाच्या गावी मुक्कामाला जाताना पाहिली आहेत, त्यामुळे हे वाचताना मला परदेशाची बातमी वाचतोय असं वाटलं नाही.

६. ढाका विद्यापीठाचे विद्यार्थी यांच्या बाजूने का नव्हते?

कारण त्यांनाही त्रास होत होता. त्यांच्याच परीक्षा विभागावर पावणेदोन लाखांचं ओझं आलं होतं आणि त्यांचेच दाखले रखडत होते. शिवाय ‘आमच्या पदवीची किंमत कमी होते’ ही भावना होतीच, तिला मी फार मान देणार नाही, पण ती होती. जुलै २०१९ मध्ये त्यांनी संलग्नता रद्द करा म्हणत इमारतींना कुलपं लावली. म्हणजे सात महाविद्यालयांचे आणि ढाका विद्यापीठाचे विद्यार्थी उलट्या दिशांनी चालत शेवटी एकाच मागणीवर आले: आम्हाला वेगळं करा. ते भेटले मात्र विटा हातात घेऊन (पुढचा प्रश्न पाहा).

७. जानेवारी २०२५ मध्ये नेमकं काय घडलं?

ऑक्टोबर २०२४ पासून वेगळ्या विद्यापीठाची मागणी जोरात होती. सायन्स लॅबचा चौक आणि नीलखेत इथे रस्ता रोको चालायचे. ढाका कॉलेज मीरपूर रोडवर, न्यू मार्केटजवळ आहे. तो चौक अडला की शहराची एक मोठी शीर दाबली जाते, आणि विद्यार्थ्यांना हे चांगलं ठाऊक आहे.

२६ जानेवारीला विद्यार्थी पाच मागण्यांबद्दल ढाका विद्यापीठाच्या प्र-कुलगुरूंना भेटायला गेले. क्षमतेपेक्षा जास्त प्रवेश देऊ नका ही त्यातली महत्त्वाची मागणी. तिथे आपला अपमान झाला असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी रस्ते अडले, रात्री नीलखेतजवळ दोन्हीकडचे विद्यार्थी भिडले, दगडफेक झाली, बॉर्डर गार्ड बांगलादेश या तिथल्या सीमारक्षक दलाच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. नीलखेत म्हणजे ढाक्याचा जुन्या पुस्तकांचा बाजार. एरवी दोन्हीकडची मुलं तिथे एकाच गाड्यावर स्वस्तातली पुस्तकं चाळतात.

दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारीला, कुलगुरू नियाज अहमद खान यांनी जाहीर केलं की २०२४-२५ या सत्रापासून सात महाविद्यालयांचे प्रवेश ढाका विद्यापीठ करणार नाही. आठ वर्षं जे समित्यांना सुटलं नाही ते एका रात्रीच्या दगडफेकीने सुटलं. हा धडा विद्यार्थ्यांनी घेतला, याचं आश्चर्य वाटायला नको.

८. जुलै २०२४ च्या मोठ्या आंदोलनाशी याचा संबंध आहे का?

मागणी त्याच्या कितीतरी आधीची आहे (प्रश्न ५). पण ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना यांचं सरकार गेल्यावर मुहम्मद युनूस यांचं अंतरिम सरकार आलं आणि तुंबलेल्या सगळ्या मागण्या एकदम रस्त्यावर आल्या. सात महाविद्यालयांचे विद्यार्थी जुलैत आघाडीवर होतेच. सरकार हलवता येतं हे पाहिलेल्या पिढीला परीक्षा विभाग हलवता येणार नाही हे कसं पटावं?

९. तितुमीर कॉलेजचे विद्यार्थी वेगळं विद्यापीठ का मागत होते?

तितुमीर विद्यार्थिसंख्येने फार मोठं आहे आणि बाकीच्या बहुतेकांपासून दूर, महाखालीत. ‘आम्ही एकटेच विद्यापीठ होऊ शकतो’ असं तिथल्या मुलांचं म्हणणं. १८ नोव्हेंबर २०२४ ला त्यांनी महाखालीत रस्ता आणि रेल्वे अडवली. चालत्या गाडीवर दगड पडले आणि प्रवासी जखमी झाले. जानेवारी २०२५ च्या अखेरीस उपोषण सुरू झालं. त्यांच्या एका आंदोलनाचं नाव होतं ‘बारासात बॅरिकेड टू नॉर्थ सिटी’. तितुमीर म्हणजे सय्यद मीर निसार अली. बारासातच्या परिसरात जमीनदार आणि कंपनी सरकारविरुद्ध त्याने उठाव केला, नारकेलबेरियाला बांबूचा किल्ला उभारला आणि १८३१ मध्ये तो लढताना पडला. मुलांनी वाहतूक अडवताना हा इतिहास बरोबर हाताशी घेतला.

स्वतंत्र विद्यापीठाची मागणी मान्य झाली नाही. पण ‘नावात काय आहे’ असं कोणी मराठी माणसाने त्यांना सांगू नये. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव १९७८ चा आणि अंमलबजावणी १९९४ ची, मधली सोळा वर्षं आपण पाहिली आहेत.

१०. ‘ढाका सेंट्रल युनिव्हर्सिटी’ हे नाव कुठून आलं आणि २०२५ मध्ये अंतरिम कारभार कोणाकडे गेला?

बांगलादेशाच्या विद्यापीठ अनुदान आयोगाने १६ मार्च २०२५ ला विद्यार्थी प्रतिनिधींशी बोलून हे नाव जाहीर केलं. मे महिन्यात ढाका कॉलेजचे प्राचार्य ए. के. एम. इलियास यांना अंतरिम प्रशासक नेमलं. ऑगस्टमध्ये नवी प्रवेश परीक्षाही झाली. कायदा नाही, कुलगुरू नाही, पण विद्यार्थी आहेत, असा तो काळ. नामकरण आधी आणि बाळ मागाहून.

११. मसुद्यात विद्यापीठाची रचना कशी दिली होती?

सातही परिसरांत सगळे विषय ठेवायचे नाहीत, चार ‘स्कूल’ करायची, असा विचार होता. विज्ञान ढाका कॉलेज, ईडन आणि बद्रुन्नेसामध्ये. कला आणि मानव्यविद्या बांगला कॉलेजात. वाणिज्य तितुमीरमध्ये. कायदा आणि न्याय कवी नजरुल आणि सुहरावर्दीमध्ये.

कागदावर हे नेटकं दिसतं. आता ढाका कॉलेजच्या इतिहास विभागात उभे राहा. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला विभाग मीरपूरला जाणार. त्याच वेळी तितुमीरच्या विज्ञानाच्या प्रयोगशाळांचं काय करायचं? खुर्च्या-टेबलं ट्रकमध्ये घालता येतात, प्रयोगशाळेची पाण्याची आणि गॅसची जोडणी ट्रकमध्ये जात नाही. शिवाय मीरपूर एका टोकाला आणि कवी नजरुल-सुहरावर्दीचा लक्ष्मीबाजार जुन्या ढाक्यात दुसऱ्या टोकाला. ढाक्याची वाहतूक ज्याने अनुभवली आहे तो ‘एक परिसर सोडून दुसऱ्यात तास घ्या’ असं म्हणणार नाही.

१२. ४० टक्के वर्ग ऑनलाइन, हे खरं आहे का?

हो, प्रस्तावात तसं होतं: ४० टक्के अध्यापन ऑनलाइन, ६० टक्के प्रत्यक्ष, परीक्षा सगळ्या प्रत्यक्ष. कारण सरळ आहे, जागा कमी आणि विद्यार्थी जास्त. त्याला आधुनिक पद्धत म्हणून सादर केलं गेलं. माझं मत विचाराल तर खोल्या कमी पडल्यावर काढलेल्या पळवाटेला अध्यापनशास्त्राचं नाव देऊ नये. वसतिगृहात चौघांच्या खोलीत राहणारा मुलगा तास कुठे बसून ऐकणार, हा प्रश्न कोविडच्या वर्षांत आपल्याला पुरेसा कळला आहे.

१३. विद्यार्थ्यांना हवं ते मिळत होतं, मग शिक्षक विरोधात का गेले?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न, आणि ‘शिक्षकांना नोकरीची भीती’ एवढ्यावर सोडून देण्यासारखा नाही.

सात महाविद्यालयांतले शिक्षक महाविद्यालयाचे नोकर नाहीत. ते बांगलादेश सिव्हिल सर्व्हिसच्या सामान्य शिक्षण संवर्गातले सरकारी अधिकारी आहेत. परीक्षा देऊन लागलेले, देशात कुठेही बदली होणारे, व्याख्याता ते प्राध्यापक अशी पदोन्नतीची शिडी चढणारे. विद्यापीठ झालं की तिथे शिक्षक विद्यापीठाच्या निवड समितीने नेमायचे. मग हे हजाराहून जास्त शिक्षक कुठे जाणार? दुसऱ्या सरकारी महाविद्यालयांत. त्यांच्यासोबत राजधानीतली तेवढी पदंही संवर्गातून जाणार, आणि वरची पदं गेली की खालच्यांची शिडी अडते. त्यामुळे ढाक्यात कधीच न शिकवलेला, लांबच्या जिल्ह्यातला व्याख्याताही या विलीनीकरणात पक्षकार ठरतो.

महाराष्ट्रातल्या सरकारी महाविद्यालयातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. आपल्याकडेही निवड लोकसेवा आयोगामार्फत, सेवा शासनाची, बदली राज्यभर. बदल्यांची यादी लागली की मुंबई-पुण्याच्या ओळींवर सगळ्यांची बोटं आधी थांबतात. त्या ओळीच यादीतून काढणार म्हटल्यावर स्टाफरूममध्ये काय होईल?

विद्यार्थ्यांची बाजूही खोटी नाही. विद्यापीठ म्हणवून घ्यायचं तर संशोधन करणारा, पीएच.डी.ला मार्गदर्शन करणारा आणि तीन वर्षांनी बदली होऊन न जाणारा शिक्षक हवा. शिक्षकांनी मधला मार्ग सुचवला तो असा: महाविद्यालयांची नावं, जागा, पदं आहेत तशी राहू द्या आणि त्यांच्यावर विद्यापीठ बसवा. पण तसं केलं तर २०१७ ची संलग्नताच नव्या पाटीखाली परत येते, अशी विद्यार्थ्यांना शंका. म्हणजे गाडी पुन्हा प्रश्न ३ वर येते. विद्यार्थ्यांना जबाबदार मालक हवा होता. मालक एक करायचा तर शिक्षकांचा मालक बदलावा लागतो, आणि तिथेच घोडं अडतं.

१४. या महाविद्यालयांत अकरावी-बारावीही आहे म्हणे. ती मुलं कुठे जाणार?

पाच ठिकाणी आहे. ईडन आणि तितुमीरमध्ये नाही. मसुद्याप्रमाणे हे वर्ग चालू राहायचे होते, सकाळी महाविद्यालय आणि दुपारनंतर विद्यापीठ अशी वाटणी करून. तरी ढाका कॉलेजच्या उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांनी विरोध केला. एकाच इमारतीत विद्यापीठ आणि कनिष्ठ वर्ग राहिले की थोड्याच वर्षांत कनिष्ठ वर्ग पाहुणे होतात आणि मग नकोसे, ही त्यांची भीती. ती निराधार म्हणवत नाही. प्रश्न २० मध्ये १९२१ ची गोष्ट आहे, त्यात हीच वाटणी उलट्या बाजूने झाली होती.

१५. ईडन आणि बद्रुन्नेसामध्ये मुलगे येणार का?

विज्ञानाचं स्कूल तिथेही ठेवायचं म्हणजे सहशिक्षण आलंच, असा अर्थ अनेकींनी काढला आणि विरोध झाला. इकडून वाचताना तो जुनाट वाटू शकतो. पण अनेक घरांत मुलीला राजधानीत पाठवायची परवानगी ‘मुलींचं सरकारी कॉलेज आहे’ या एका वाक्यावर मिळते. ते वाक्य काढून घेतलं की जागा कागदावर तेवढ्याच राहतील, येणाऱ्या मुली कमी होतील.

१६. जे विद्यार्थी आधीपासून शिकत आहेत त्यांना पदवी कोण देणार? आणि त्यातला एखादा नापास झाला तर?

पहिल्या भागाचं उत्तर स्पष्ट आहे. २७ जानेवारी २०२५ च्या निर्णयात ढाका विद्यापीठाने आधी प्रवेश घेतलेल्यांची जबाबदारी आपल्याकडे ठेवली. त्यांची पदवी ढाका विद्यापीठाची. २०२४-२५ च्या सत्रापासूनचे नवीन घरचे.

दुसरा भाग जास्त नाजूक, आणि कुठल्याही विलीनीकरणात तो येतोच. समजा दुसऱ्या वर्षाच्या मुलाचे दोन विषय राहिले. जुन्या अभ्यासक्रमाचे वर्ग आता भरत नाहीत, मागची तुकडी नव्या विद्यापीठाची आहे आणि तिचा अभ्यासक्रम वेगळा. त्याने बसायचं कुठे? रिवाज असा की जुन्या विद्यापीठाने ठरावीक वर्षं जुन्या अभ्यासक्रमाची परीक्षा घेत राहायचं, आणि ती मुदत संपली की विषयांची समकक्षता ठरवून विद्यार्थ्याला नव्यात घ्यायचं. ही समकक्षतेची तालिका विद्यापीठ सुरू होण्याआधी छापलेली असावी. प्रत्यक्षात ती पहिला विद्यार्थी अडकल्यावर तयार होते. तुमचं महाविद्यालय विलीन होणार असेल तर कुलगुरू कोण होणार हे विचारण्याआधी ही तालिका मागा.

१७. कायदा न करता अध्यादेश का? त्याने काही फरक पडतो?

बांगलादेशाची संसद ६ ऑगस्ट २०२४ ला विसर्जित झाली, त्यामुळे कायदा करायला सभागृहच नव्हतं. अशा वेळी संविधानाच्या ९३ व्या अनुच्छेदाप्रमाणे राष्ट्रपती अध्यादेश काढू शकतात. फरक पडतो तो पुढे. नवी संसद बसली की पहिल्याच बैठकीत अध्यादेश मांडावा लागतो आणि मांडल्यापासून तीस दिवसांत तो मंजूर झाला नाही तर गळून पडतो. म्हणजे अंतरिम सरकारच्या अध्यादेशावर उभं केलेलं विद्यापीठ निवडून आलेल्या संसदेच्या मर्जीवर राहतं.

१८. बांगलादेशात याआधी सरकारी महाविद्यालयाचं विद्यापीठ झालं आहे का?

झालं आहे, आणि त्याच शहरात. जुन्या ढाक्यातलं जगन्नाथ कॉलेज २००५ च्या कायद्याने जगन्नाथ विद्यापीठ झालं. त्या कायद्यात २७(४) नावाचं एक कलम होतं: पाच वर्षांनंतर विद्यापीठाने आपला खर्च आपल्या उत्पन्नातून भागवावा. उत्पन्न म्हणजे शुल्क, हे विद्यार्थ्यांनी लगेच ओळखलं. २०११ मध्ये मोठं आंदोलन झालं आणि ते कलम हटवावं लागलं. वसतिगृहांचं दुखणं मात्र राहिलं. २०१६ मध्ये जुन्या मध्यवर्ती तुरुंगाची जागा वसतिगृहांसाठी द्या म्हणून आणि मे २०२५ मध्ये पुन्हा निवासाच्या प्रश्नावर तिथले विद्यार्थी रस्त्यावर होते.

शुल्क वाढेल का, असं बरेच जण विचारतात, त्याचं उत्तर यातच आहे. पाटी न वाचता कायद्यातलं पैशाचं कलम वाचायचं.

१९. आपल्याकडे असं काही आहे का? आणि नुसती स्वायत्तता देऊन भागणार नाही का?

मुंबईतलं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ हे सगळ्यात जवळचं उदाहरण. २०१९ मध्ये विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज ही चार सरकारी महाविद्यालयं एकत्र करून ते झालं. ते आंदोलनातून आलेलं नाही, राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान म्हणजे ‘रूसा’तून आलं, समूह विद्यापीठासाठी त्या योजनेत ५५ कोटी रुपये होते. भूगोलही सोपा: विज्ञान संस्थेतून एल्फिन्स्टनला पायी जाता येतं. मीरपूरहून लक्ष्मीबाजारला जाऊन दाखवा. जम्मू आणि श्रीनगरची समूह विद्यापीठंही (२०१६) सरकारी महाविद्यालयांचीच. साताऱ्याचं कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आणि मुंबईचं एचएसएनसी विद्यापीठ या खासगी संस्थांच्या महाविद्यालयांच्या मोटी आहेत, त्यामुळे तिथे बदल्यांचा गुंता या स्वरूपात येत नाही.

स्वायत्ततेने परीक्षेचा प्रश्न सुटतो, कारण महाविद्यालय स्वतःच परीक्षा घेतं. पण पदवी मूळ विद्यापीठाचीच राहते आणि शिक्षक खात्याचेच. एका शिक्षकामागे दीडशे विद्यार्थी असताना स्वायत्त महाविद्यालयाचा निकालही वेळेवर लागणार नाही. तपासणारे हात तेवढेच.

२०. विलीन झाल्यावर जमीन, इमारती, ग्रंथालय कोणाचं?

मसुद्यावरच्या वादात हा प्रश्न शिक्षकांनी सतत लावून धरला: महाविद्यालयाची स्थावर मालमत्ता महाविद्यालयाच्याच नावावर राहिली पाहिजे. ढाका कॉलेजच्या लोकांना याबद्दल जास्त काळजी का, हे समजून घ्यायला १९२१ मध्ये जावं लागतं.

तेव्हा ढाका कॉलेज कर्झन हॉलमध्ये भरायचं. १ जुलै १९२१ ला ढाका विद्यापीठ सुरू झालं आणि कॉलेजचे पदवीचे वर्ग त्यात गेले. कॉलेजकडे उरले इंटरमीजिएटचे, म्हणजे आजच्या अकरावी-बारावीचे. कर्झन हॉलही विद्यापीठाकडे गेला. विद्यापीठाचं ग्रंथालय जवळपास अठरा हजार पुस्तकांवर उभं राहिलं, ती ढाका कॉलेज आणि ढाका लॉ कॉलेजची होती. कॉलेज आधी जुन्या हायकोर्टाच्या इमारतीत गेलं, दुसऱ्या महायुद्धात ती जखमी सैनिकांसाठी रिकामी करावी लागली तेव्हा तिथूनही निघालं, लक्ष्मीबाजारात राहिलं आणि १९५५ मध्ये आजच्या जागी आलं. कर्झन हॉलमध्ये आजही ढाका विद्यापीठाचे विज्ञानाचे वर्ग भरतात.